मिटलेलं तोंड

चंदेरी पापुद्रा नखानं फाडला की आधी वास येतो आणि मग ती करडी, मऊ, बोटाच्या पेराएवढी कॅप्सूल तळहातावर घरंगळते. वास उग्र, रस्त्यात एखादा स्कंक, तो घाण वास सोडणारा प्राणी, चिरडला गेला की बंद काचांमधूनही गाडीत शिरतो तसला. आणि हेल्वीला तो आवडतो. आवडतो म्हणजे... सुगंध वाटतो असं नव्हे. पण सकाळी स्वयंपाकघरात कॉफीच्या आधी हा वास आला नाही, तर आपण जागे झालो आहोत की नाही अशी शंका तिला येईल. भावाची किडनी पोटात घेऊन जगायला लागल्यापासूनचा हा वास. शरीरानं त्या किडनीला परकी समजून हाकलून देऊ नये म्हणून रोज दोनदा घ्यायची ही गोळी — तशी इमानदार गोळी, इतक्या वर्षांत तिनं एकदाही दगा दिलेला नाही — पाण्याच्या घोटाबरोबर ती घशाखाली जाते, आणि मग जीभ, कुणी न सांगता, पुढच्या दातांकडे वळते.

जिभेला तिथे दात थोडेच लागतात. हिरड्याच लागतात. आधी दोन दातांच्या फटीतून एक कोंबासारखं काहीतरी वर आलं होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. मग दुसऱ्या फटीतून दुसरं. मग ते फुगले, एकमेकांना भेटले, आणि आता वरचे पुढचे चार दात अर्ध्याहून जास्त झाकले गेले आहेत, जणू कुणी झोपेत पांघरूण वर ओढून घेतलं आहे. दुखत नाही. हे तिला सगळ्यात विचित्र वाटतं. एवढं मांस नव्यानं उगवलं, आणि दुखत नाही. ब्रश लागला की थोडं रक्त येतं, बस. आरशात मात्र ती बघत नाही. म्हणजे बघते, केस विंचरताना, पण ओठ मिटून.

रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून ही वाढ जोरात आहे. ते परवा गुरुवारी कळलं, डॉक्टर बूशारकडे. हिरड्यांची डॉक्टर, वयानं हेल्वीच्या निम्मी असेल, बोटं थंड आणि बोलणं स्पष्ट. या दोन गोळ्या एकत्र आल्या की काही जणांच्या हिरड्या अशा वाढतात, तिनं सांगितलं, तुमचं काही चुकलेलं नाही. वाढलेला भाग कापून टाकता येईल. पण किडनीसाठीची गोळी तीच राहिली तर तो पुन्हा वाढण्याची शक्यता आहे. किंवा किडनीच्या डॉक्टरांशी बोलून तीच गोळी बदलता येईल. मग हिरड्या आपोआप उतरतील कदाचित. किडनीच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं की बदलता येईल, बरेच लोक बदलतात, नव्या गोळीनं काहींचे हात थरथरतात, काहींची साखर वाढते, सुरुवातीला रक्त वरचेवर तपासावं लागेल, पण घाबरण्यासारखं काही नाही... तुम्ही ठरवा, घाई नाही. घाई नाही हे शब्द ऐकले आणि तेव्हापासून हेल्वीच्या पोटात, किडनी आहे त्याच्या जरा वरच्या बाजूला, काहीतरी घट्ट झालं. ठरवा म्हणे. इतकी वर्षं शांत बसलेल्याला हलवायचं, आणि कशासाठी, तर हसताना बरं दिसावं म्हणून?

खाली हॉर्न वाजला. एकदाच, तोही अर्धा. ताउनोचा हॉर्न.

ताउनो तिचा थोरला भाऊ. आयुष्यभर जंगलातून लाकडं वाहणारे ट्रक चालवले, आता निवृत्त आहे, तरी त्याची पिकअप गाडी अजून त्या ट्रकांच्या ऐटीत दारात उभी राहते. शनिवारी तो हेल्वीला घेऊन कॅम्पवर जातो. कॅम्प म्हणजे कॅनडातल्या थंडर बे शहराच्या उत्तरेला एका छोट्या तळ्याकाठी वडलांनी बांधलेलं लाकडी घर आणि त्याच्या खाली, पाण्याच्या अगदी लगत, सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. केर्तू, ताउनोची बायको, कालच पुढे गेली होती. हेल्वी गाडीत चढली, मांडीवर वेलदोड्याच्या पावाची पिशवी घेतली, ताउनोनं पिशवीकडे पाहून मान हलवली, आणि गाडी निघाली. शहर संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

आमच्या फिनिश लोकांत गप्प बसलेल्या माणसाला कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. हे केवढं सोयीचं आहे, हे मला या दोन वर्षांत कळलं. शेजारच्या इटालियन बाईनं मला पंधरवड्यात पकडलं असतं — हेल्वी, तू हसताना हात का गं धरतेस तोंडावर? आमच्याकडे मात्र मी हसणं कमी केलं, मग हसायचं ते नाकातून, मग मक्याचं कणीस दातांनी खायचं सोडून सुरीनं दाणे काढून खायला लागले, फोटोत मागच्या रांगेत गेले, आणि कुणाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. वय झालं, एवढंच म्हणाले असतील. म्हणालेही नसतील.

रेडिओवर तर तोंड दिसतच नाही. रविवारी सकाळी एक तास हेल्वी फिनिश भाषेत बातम्या वाचते, वाढदिवस सांगते, कोण वारलं ते सांगते, मधे जुनी गाणी लावते. हे काम ती तरुणपणापासून हौसेनं करत आली आहे. म्हातारी माणसं तिच्या आवाजावर घड्याळ लावतात. अलीकडे 'स' उच्चारताना हवा कुठेतरी अडते आणि किंचित ओला, पसरट आवाज येतो. आणि आमच्या भाषेत 'स' किती असावेत... ते तिला ऐकू येतं. दुसऱ्या कुणाला येत असेल असं वाटत नाही. केंद्रावरचा यंत्रं सांभाळणारा माणूस तर फिनिश नाहीच.

गाडीच्या खिडकीतून देवदारांची रांग मागे जात होती, मधेच एखादं तळं उघडायचं आणि मिटायचं. ऊन चांगलं होतं. हेल्वीला एकाएकी फार बरं वाटलं — असं तिला अलीकडे वारंवार वाटतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नसतं — की पोट भरलेलं आहे, पाऊस नाही, ताउनो गाडी चालवतो आहे, आणि आपण आहोत. स्वतःच्या किडन्या बंद पडल्यावर डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतलेल्या त्या दिवसांनंतर 'आपण आहोत' ही गोष्ट तिला जेवणाइतकी खरी वाटते. तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, कॉफीत पाव बुडवत ताउनो म्हणाला होता, "माझ्याकडे दोन आहेत." आणि पुढे पावच खात राहिला होता. एवढंच बोलणं झालं त्या विषयावर. नंतर तपासण्या झाल्या, जुळली, ऑपरेशन झालं, आणि पुढे दर नाताळाला, सगळ्यांसमोर, तो एकदाच विचारायचा: "माझा भाडेकरू नीट राहतोय ना? भिंतीला खिळे ठोकत नाही ना?" हेल्वी म्हणायची, "गुणी आहे. तुझ्यापेक्षा शांत आहे." सगळे हसायचे. वर्षाचा हिशोब झाला.

गेल्या नाताळाला त्यानं विचारलं नाही. ती वाट बघत होती, उत्तरही तयार होतं. पण त्यानं बटाटे मागितले आणि विषय निघालाच नाही. विसरला असेल, तिला वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच. भाडेकरू जुना झाला की मालक विसरतो.

म्हणून तर त्याला सांगायचं नाही. हे तिनं फार आधी, पहिला कोंब जिभेला लागला त्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. त्यानं एक चांगली गोष्ट केली, ती पूर्ण झाली, तिला त्याच्या मनात स्वच्छ जागा आहे; आता तिथे हे फुगलेलं, गुलाबी, ओंगळ काही नेऊन ठेवायचं नाही. माझ्यामुळे तुझं तोंड असं झालं, असं त्यानं एकदा जरी मनात आणलं... ताउनो बोलणार नाही, पण तो हिवाळाभर गॅरेजमधे एकटा बसून काहीतरी दुरुस्त करत राहील, आणि ते दुरुस्त होणार नाही.

कॅम्पवर केर्तूनं पातळ पीठ ट्रेमधे ओतून ओव्हनमधे जाड गोड धिरडं केलं होतं. खाल्लं. मग आइस्क्रीमचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे घेऊन तिघं ब्लूबेरी वेचायला निघाली. केर्तू खालच्या खडकावर राहिली, तिचे गुडघे कुरकुरतात. ताउनो आणि हेल्वी जुन्या वणव्याच्या जागेकडे चढली, जिथे काळ्या खोडांमधे झुडपं गुडघ्याइतकी माजली होती. वेचताना बोलायचं नसतं. पहिले दाणे डब्याच्या तळाशी टपटप वाजतात, मग तळ झाकला की आवाज बंद. हेल्वीनं एक मूठ तोंडात टाकली. बारीक बिया आणि सालं लगेच हिरड्यांच्या खिशांत जाऊन बसली. ती पाठ वळवून जिभेनं, मग करंगळीच्या नखानं ती काढू लागली. लहानपणी याच उतारावर ती पडली होती आणि तिचा दुधाचा दात हलायला लागला होता; ताउनोनं त्याला दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक सौनाच्या दाराला अडकवलं आणि दार ओढलं, आणि ती रक्ताळलेल्या तोंडानं त्याला हसून दाखवत घरभर हिंडली होती. तेव्हा त्याला सगळं दाखवता येत होतं.

"किती राहिलेत?" मागून ताउनो म्हणाला.

तिनं डब्याकडे पाहिलं. अजून अर्धा भरायचा होता. तसं तिनं सांगितलं.

"बेरींचं नाही विचारत. त्याचं." त्यानं हनुवटीनं तिच्या पोटाकडे, उजव्या बाजूला खाली, बरोबर तिथे दाखवलं. "किती दिवस म्हणालेत?"

हेल्वीला काही समजेना. तो खोडाला टेकून उभा होता, डबा दोन्ही हातांत धरून, तिच्याकडे न बघता. मग तो बोलायला लागला, आणि ताउनोच्या मानानं ते भाषण होतं. हिवाळ्यापासून त्याच्या लक्षात आलं होतं. आधी रेडिओवर. तो दर रविवारी गाडीत बसून ऐकतो, घरात केर्तू भांडी वाजवते म्हणून. आणि नाताळाच्या आधी कधीतरी तिचा आवाज बदललेला त्याला ऐकू आला, जीभ जड झाल्यासारखा. त्यांची आई शेवटी अशीच बोलायला लागली होती. मग तो बघायला लागला. ती हसत नाही. खाते हळूहळू, नको असल्यासारखी. तोंड मिटून बसते, दुखणं दाबून धरल्यासारखी. केर्तू म्हणाली, तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, तू विचारायचं नाहीस. म्हणून त्यानं नाताळात विचारलं नाही. विचारलं, आणि ती सगळ्यांसमोर खोटं बोलली असती तर?

"मग मार्चमधे मी हॉस्पिटलला फोन केला," तो म्हणाला. "म्हटलं, दुसरी देता येते का."

"दुसरी काय?"

"काय म्हणजे? दुसरी. माझी उरलेली."

डासांचा एक ढग दोघांच्या मधे येऊन स्थिरावला. हेल्वी म्हणाली, "ताउनो, मग तू कशावर जगणार होतास?"

"तेच फोनवरची नर्स म्हणाली." त्यानं नाक ओढलं. "म्हटलं, विचारून ठेवावं. यंत्र असतंच ना. तू राहिलीस की यंत्रावर."

आणि मग ती हसली. हात वर जायचा राहून गेला, कारण हातात डबा होता. नाकातून हसणं जमलं नाही, ते फुटलंच. तोंड उघडं, ओठ मागे गेलेले, सगळं उन्हात. आणि ती पाहत होती की तो पाहतो आहे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो जवळ आला, त्यानं डबा खाली ठेवला, आणि इंजिनाचं झाकण उघडल्यावर वाकतो तसा वाकला.

"उघड," तो म्हणाला.

तिनं उघडलं. मोठा आ केला. दोघंही साठीच्या पुढची, वणव्याच्या काळ्या खोडांमधे, एक तोंड उघडून आणि दुसरा त्यात डोकावून. त्यानं खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली छोटी बॅटरीसुद्धा काढली, भर उन्हात. तिला वाटलं होतं लाज वाटेल. तिला त्याच्या कपड्यांचा वास येत होता — धूर, पेट्रोल — आणि त्याच्या श्वासाचा आवाज.

"ही काय भानगड आहे? पीठ फुगल्यासारखं."

मग तिनं सांगितलं, उभ्या उभ्या: गोळी कशासाठी, गोळीनं हिरड्या कशा वाढतात, किडनी ठणठणीत आहे, मागच्याच महिन्यात तपासली, डॉक्टर खूश आहेत, कापता येईल, गोळी बदलता येईल, तिचं काही ठरलेलं नाही. सांगताना 'स' पसरत होते आणि तिनं ते पसरू दिले. तो ऐकत होता. ज्या वाक्यासाठी ती दोन वर्षं तोंड मिटून होती ते आता येणार, हे तिला दिसत होतं, आणि ते आलं.

"म्हणजे माझ्यामुळेच की."

"गोळीमुळे."

"गोळी कुणामुळे?"

ताउनोनं बॅटरी बंद केली, ती पुन्हा खिशात ठेवली, डबा उचलला. त्याचे खांदे, ते लाकडाच्या ओंडक्यासारखे खांदे, एकदम खाली आले होते, आणि तिला कळायला थोडा वेळ लागला की ते दुःखानं नव्हे. तो इतके महिने त्यांना वर धरून चालत होता.

"बरंय," तो म्हणाला. "मी तुला पुरायच्या तयारीत होतो, आणि तू दात लपवत होतीस." मग जरा चालून गेल्यावर, पाठमोराच: "आणि रेडिओवर जरा तोंड उघडून बोलत जा. अर्ध्या म्हाताऱ्यांना वाटत असेल तू पिऊन येतेस."

खाली केर्तूला सगळं तीन वाक्यांत कळलं. तिनं हेल्वीचा गाल धरून आत पाहिलं, आमच्या गल्लीतल्या अमक्या तमक्याच्याही हिरड्या अशाच वाढल्या होत्या म्हणाली, त्याची फिटची गोळी होती. मग ताउनोकडे वळून, हॉस्पिटलला फोन केलास आणि मला सांगितलं नाहीस, यावरून तिनं त्याला जे फैलावर घेतलं ते सौनाची चूल पेटून दगड तापेपर्यंत चाललं होतं. ताउनो लाकडं फोडत राहिला. रोजच्यापेक्षा जास्त फोडली.

बायका आधी, ही रीत. केर्तू लवकर बाहेर पडली, तिला फार उष्णता सोसत नाही. हेल्वी वरच्या फळीवर एकटी राहिली. तापल्या दगडांवर तिनं डावभर पाणी टाकलं, वाफ छताला लागून खाली उतरली, मानेवर, पाठीवर, आणि तिनं तोंडानं श्वास घेतला. गरम हवा ओठांवरून, हिरड्यांवरून आत गेली. किती दिवसांत असा घेतला नव्हता... इथेही, एकटी असतानाही, ती तोंड मिटून बसायची. कुणापासून लपवत होते मी इथे? लाकडाच्या भिंतींपासून?

तिला वाटत होतं ती त्याला जपते आहे. आणि तो गाडीत बसून, रेडिओ लावून, तिला जपत होता. दोघं एकाच दाराला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते, उघडू नये म्हणून, आणि प्रत्येकाला वाटत होतं पलीकडून जोर लागतोय तो संकटाचा आहे. हे हसण्यासारखं होतं. पण उरलेली किडनी देता येते का असं विचारणारा माणूस जगात आहे, ही गोष्ट फक्त हसण्यासारखी नव्हती. ती जड होती. पूर्वी तिला अशा जडपणाखाली गुदमरल्यासारखं झालं असतं. आपण कुणाचं एवढं घ्यावं, याला काही सीमा... आता ती फळीवर बसली होती, घाम हनुवटीवरून टपकत होता, आणि ते जड तिच्या मांडीवर ठेवल्यासारखं होतं, झोपलेल्या मुलासारखं. उचलून खाली ठेवावंसं वाटत नव्हतं.

मग ती बाहेर आली आणि लाकडी पायऱ्यांवरून तळ्यात उतरली. संध्याकाळ झाली होती, पण या दिवसांत उजेड लवकर जात नाही. पाणी वरून कोमट, खाली गार. ती पाठीवर आडवी झाली. कान पाण्याखाली गेल्याबरोबर केर्तूचा आवाज, कुऱ्हाडीचा आवाज, सगळं दूर गेलं आणि स्वतःचाच श्वास मोठा झाला. गोळी बदलायची की नाही, हे तिनं मनात पुन्हा विचारून पाहिलं. उत्तर नव्हतं. आठ दिवसांनी असेल, किंवा नसेल. गुरुवारपासून पोटात जे घट्ट बसलं होतं तिथे हात नेऊन तिनं चाचपून पाहिलं — वरची घट्ट जागा सापडली नाही. त्याखाली, कातडीलगत, ताउनोकडून आलेला तो गोल उंचवटा मात्र नेहमीसारखा लागला — आणि जीभ पुढच्या दातांकडे गेली, तिथे ते नवं, कुणी न मागितलेलं, आपल्याच मर्जीनं वाढलेलं मांस होतं. यातलं माझं कुठलं, परकं कुठलं, हे आता नीट सांगता येईना. सांगायची गरजही वाटेना. एक छोटी लाट आली, उघड्या तोंडात थोडं पाणी शिरलं, चवीला लोखंडासारखं, आणि तिनं ते लगेच थुंकून टाकलं नाही.